सर्वोच्च न्यायालयाची स्मृती : संदर्भग्रंथ काय सांगतात, काय सांगत नाहीत

मंडळी, विषयाचं नाव रुक्ष आहे. संदर्भग्रंथांवर व्याख्यान म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकावर प्रवचन, असं कुणाला वाटलं तर त्यांचं फार चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. पण सर्वोच्च न्यायालयाच्या बाबतीत गोष्ट जरा वेगळी आहे. इथे पुस्तकात काय छापलं गेलं आणि काय राहून गेलं, यावर तुमचे आमचे हक्क अवलंबून राहिलेले आहेत. ते कसे, हेच आज बघायचं आहे.

सुरुवात राज्यघटनेच्या एका छोट्या कलमापासून करू. कलम १२९. त्यात म्हटलंय की सर्वोच्च न्यायालय हे अभिलेख न्यायालय असेल. या कलमाचा उत्तरार्ध सगळ्यांना पाठ असतो, कारण त्यात अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार आहे. पूर्वार्धाकडे कुणी फारसं बघत नाही. अभिलेख न्यायालय म्हणजे ज्याचं कामकाज आणि निर्णय कायमची स्मृती म्हणून, पुरावा म्हणून जतन केले जातात ते न्यायालय. म्हणजे अधिकाराच्या आधी स्मृती आलेली आहे. आता या कलमाला जोडून कलम १४१ वाचा. सर्वोच्च न्यायालयानं जाहीर केलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक. छान. पण जाहीर केलेला कायदा नेमका कुठे असतो? पाचशे पानांच्या निकालपत्रातलं कुठलं वाक्य कायदा आणि कुठलं नुसतं बोलण्याच्या ओघात आलेलं?

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, वकिली कधी केली नाही. पण हा प्रश्न आमच्या ओळखीचा आहे. मीमांसकांनी वेदवाक्यांबद्दल हेच विचारलं होतं. विधी कुठला आणि अर्थवाद कुठला? आज्ञा करणारं वाक्य वेगळं, त्या आज्ञेची स्तुती किंवा समर्थन करणारं वेगळं. वकील मंडळी याच भेदाला निकालाचा गाभा आणि प्रासंगिक मत असं म्हणतात. पांडुरंग वामन काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत होते आणि त्याच वेळी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहीत होते, यात आम्हाला विसंगती कधी वाटली नाही. दोन्हीकडे काम एकच, पोथी उघडायची आणि विधी शोधायचा.

तर आधी पोथ्या कुठल्या ते पाहू.

सर्वोच्च न्यायालय २८ जानेवारी १९५० रोजी सुरू झालं, संसद भवनातल्या नरेंद्र मंडळाच्या दालनात. त्याच दालनात १९३७ पासून फेडरल कोर्ट बसत होतं. आत्ताची इमारत १९५८ची. सुरुवातीला सरन्यायाधीश धरून आठ जागा होत्या, आज चौतीस आहेत. न्यायालयाच्या निकालांची अधिकृत मालिका म्हणजे सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स, वकिलांच्या भाषेत एससीआर. पण अधिकृत मालिका आणि हाताशी असणारी मालिका यांत फरक असतो. सरकारी खंड यायला वेळ लागायचा आणि वकिलाला निकाल उद्याच्या तारखेला हवा असायचा. ती गरज खासगी प्रकाशकांनी भागवली. लखनौहून १९६९ पासून एससीसी निघू लागलं. त्याच्या पुष्कळ आधीपासून होता तो आपल्या नागपूरचा ए.आय.आर., म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर. व्ही. व्ही. चितळे यांनी तो १९१४ साली सुरू केला. देशभरातल्या कुठल्याही तालुक्याच्या बाररूममध्ये जा, काचेच्या कपाटात तो उभा असतो. प्रिव्ही कौन्सिलच्या जमान्यात सुरू झालेलं हे काम फेडरल कोर्ट, सर्वोच्च न्यायालय अशा सगळ्या स्थित्यंतरांतून चालत राहिलं. ‘ए.आय.आर. १९७३ एससी १४६१’ असं वकील म्हणतो, तेव्हा तो वर्ष, न्यायालय आणि पान सांगत असतो. १९१४ साली नागपुरात बसून कुणीतरी ठरवलेला हा पत्ता आजही दिल्लीच्या न्यायालयात उच्चारला जातो, याचं आपल्याकडे पुरेसं कौतुक झालेलं नाही असं आम्हाला वाटतं.

हे खंड नुसते निकाल छापत नाहीत. निकालाच्या डोक्यावर एक सारांश असतो, त्याला हेडनोट म्हणतात. हा सारांश न्यायमूर्ती लिहीत नाहीत, संपादक लिहितात. तो निकालाचा भाग नाही, असं न्यायालयांनी अनेकदा बजावलेलं आहे. पण घाईतला माणूस काय वाचतो? हेडनोटच वाचतो.

याची एक अमेरिकन गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८८६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात सांता क्लारा परगणा विरुद्ध सदर्न पॅसिफिक रेल्वे असा कराचा खटला होता. चौदाव्या घटनादुरुस्तीनं व्यक्तींना दिलेलं समान संरक्षण कंपन्यांनाही आहे का, हा प्रश्न त्यात निघाला. प्रत्यक्ष निकालपत्रात त्याचं उत्तर नाही, खटला दुसऱ्याच मुद्द्यावर निकाली निघाला. पण सरन्यायाधीश वेट युक्तिवादाच्या आधी तोंडी म्हणाले होते की त्या प्रश्नावर आम्हाला युक्तिवाद ऐकायचा नाही, कंपन्यांना ते संरक्षण आहे असंच आम्ही सगळे मानतो. न्यायालयाचे वृत्तलेखक बॅन्क्रॉफ्ट डेव्हिस यांनी पत्र लिहून विचारलं, हे छापू का? वेट यांनी तो निर्णय त्यांच्यावरच सोपवला. डेव्हिस यांनी ते निकालाच्या डोक्यावर छापलं. पुढच्या पिढ्यांनी त्याला न्यायालयाचा निर्णय म्हणून आधाराला घेतलं. गंमत म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नव्हे. एका संपादकाच्या लेखणीनं कंपन्यांच्या हक्कांचा इतिहास वळवला. तिथल्याच न्यायालयानं १९०६ साली सांगितलं की हेडनोट हे न्यायालयाचं काम नव्हे. तोवर वीस वर्षं झाली होती.

आपल्याकडे असं घडलं का? हेडनोटच्या बाबतीत नाही, पण त्याहून मोठं काहीतरी घडलं. इथे आपण थोडे जास्त रेंगाळू.

केशवानंद भारती विरुद्ध केरळ राज्य. तेरा न्यायमूर्तींचं घटनापीठ, त्याहून मोठं पीठ आजवर बसलेलं नाही. ३१ ऑक्टोबर १९७२ ते २३ मार्च १९७३ या काळात अडुसष्ट दिवस सुनावणी चालली. याचिकाकर्त्यांच्या बाजूनं नानी पालखीवाला, केरळ राज्याच्या बाजूनं महाराष्ट्राचे महाधिवक्ता एच. एम. सीरवाई. प्रश्न असा की संसदेला घटनेत कुठलाही बदल करता येतो का? २४ एप्रिल १९७३ला निकाल लागला. तेरा न्यायमूर्तींची अकरा वेगवेगळी निकालपत्रं, छापील सातशेच्या आसपास पानं. सात विरुद्ध सहा. आपण आज म्हणतो की घटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येत नाही, असं या निकालानं ठरवलं.

पण हे वाक्य नक्की आलं कुठून? अकरा निकालपत्रं एकमेकांशी पुरती जुळत नाहीत. सरन्यायाधीश सिक्री आणि त्यांच्याशी सहमत असलेले न्यायमूर्ती एका वाटेनं जातात, न्यायमूर्ती खन्ना वेगळ्या वाटेनं. दुरुस्तीच्या अधिकाराला गर्भित मर्यादा आहेत, हे खन्ना यांना मान्य नाही. पण दुरुस्ती म्हणजे मोडतोड नव्हे, जुनी घटना ओळखण्याइतकी तरी शिल्लक राहिली पाहिजे, हे त्यांना मान्य आहे. सहा एकीकडे, सहा दुसरीकडे, मधे खन्ना. मग सगळ्यांचं मिळून एक वाक्य कसं झालं?

निकालाच्या शेवटी एक पान आहे. ‘बहुमताचं मत’ अशा मथळ्याचं, सहा मुद्द्यांचं. दुसऱ्या मुद्द्यात मूलभूत चौकटीचं ते सुप्रसिद्ध विधान. त्या पानावर नऊ न्यायमूर्तींच्या सह्या आहेत. आता गणित करून बघा. बहुमत सातांचं आणि सह्या नऊ. न्यायमूर्ती पालेकर आणि न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड, दोघेही मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले, दोघेही अल्पमतात होते, तरी त्यांनी सही केली. बहुमताचं मत काय होतं याचा तो गोषवारा आहे, एवढ्याच अर्थानं त्यांनी ती केली असावी असं आपण समजू शकतो. बाकी चौघांनी, म्हणजे रे, मॅथ्यू, बेग आणि द्विवेदी यांनी, सही केली नाही. दुसऱ्या दिवशी सिक्री निवृत्त होणार होते. त्याच दिवशी शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांची ज्येष्ठता डावलून अजितनाथ रे यांचं नाव सरन्यायाधीश म्हणून जाहीर झालं. ते तिघंही बहुमतातले.

त्या एका पानाबद्दल सगळ्यात तपशिलात लिहिलं आहे ते टी. आर. अंध्यारुजिना यांनी. सुनावणीत ते सीरवाईंच्या बाजूला बसलेले, पुढे स्वतः महाराष्ट्राचे महाधिवक्ता आणि देशाचे सॉलिसिटर जनरल झालेले. त्यांचं केशवानंद खटल्यावरचं इंग्रजी पुस्तक २०११ साली आलं, म्हणजे निकालानंतर अडतीस वर्षांनी. त्यांचा आक्षेप असा की त्या पानावर कुठलाही युक्तिवाद झाला नव्हता, ते निकालपत्र नव्हे, म्हणून ते कायदा म्हणता येत नाही. या आक्षेपाशी सहमत व्हायलाच हवं असं नाही. पुढच्या निकालांनी मूलभूत चौकटीचं तत्त्व इतक्या वेळा उचलून धरलं आहे की त्याचा पाया आता त्या एका पानावर राहिलेला नाही. पण आक्षेप समजून घेतला पाहिजे. ग्रंथाचं तात्पर्य ठरवताना मीमांसक उपक्रम आणि उपसंहार जुळतात का ते आधी बघतात. इथे वाद नेमका उपसंहारावरच आहे.

आणि आता त्या पानाहून विलक्षण गोष्ट. नोव्हेंबर १९७५. आणीबाणी चालू होती. सरन्यायाधीश रे यांनी केशवानंद निकालाचा फेरविचार करायला पुन्हा तेरा जणांचं पीठ बसवलं. १० आणि ११ नोव्हेंबरला सुनावणी झाली. पालखीवाला फेरविचाराच्या विरोधात उभे राहिले. ते भाषण ज्यांनी ऐकलं त्यांनी ते आयुष्यभर सांगितलं. मुळात फेरविचार मागितला कुणी, यावरच सरन्यायाधीशांची अडचण होऊ लागली. १२ तारखेला सकाळी पीठ बसलं आणि सरन्यायाधीशांनी सांगितलं की पीठ विसर्जित करण्यात येत आहे. संपलं.

निकालांच्या खंडांत हे कुठे सापडतं? सापडत नाही. निकालच झाला नाही, तर छापणार काय? लॉ रिपोर्ट निकाल जपतात, न्यायालयात काय घडलं ते जपत नाहीत. त्या दोन दिवसांचं अधिकृत, शब्दशः टिपण कुठेही नाही. आज आपल्याला जे माहीत आहे ते खन्ना, सीरवाई, अंध्यारुजिना अशा तिथे असलेल्या किंवा जवळून पाहिलेल्या माणसांनी नंतर लिहिलं म्हणून. म्हणजे राज्यघटनेच्या इतिहासातले सगळ्यात नाजूक दोन दिवस, आणि अभिलेख न्यायालयाकडे त्यांचा अभिलेख नाही. शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचं वचन, असं न्यायदर्शन सांगतं. ज्याला गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगू इच्छितो, तो आप्त. इथे आपण सर्वस्वी आप्तांच्या हवाली आहोत, आणि हे आप्त खटल्यात कुठल्या ना कुठल्या बाजूचे होते.

म्हणूनच सीरवाईंच्या ग्रंथाबद्दल बोललं पाहिजे. ‘कॉन्स्टिट्यूशनल लॉ ऑफ इंडिया’ची पहिली आवृत्ती १९६७ची, चौथी तीन खंडांत, तिचा अखेरचा खंड १९९६चा. त्याच वर्षाच्या जानेवारीत सीरवाई गेले. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली होती, हे आम्ही जरा अभिमानानंच सांगतो. त्यांच्या ग्रंथाला संदर्भग्रंथ म्हणावं की नाही, असाही प्रश्न कुणी विचारील. संदर्भग्रंथानं तटस्थ असावं अशी आपली समजूत असते. सीरवाई तटस्थ नव्हते. निकाल चुकला असं वाटलं की ते पानंच्या पानं भांडत. मोठमोठ्या न्यायमूर्तींची त्यांनी गय केली नाही. पण केशवानंद खटल्यात ज्या मताविरुद्ध ते स्वतः महिनोन् महिने उभे राहिले, तेच मत बरोबर होतं असं त्यांनी निवडणूक खटला आणि आणीबाणी यांच्यानंतरच्या आवृत्त्यांत लिहिलं. कारणं देऊन लिहिलं. हा ग्रंथ चाळताना दोन आवृत्त्या शेजारी ठेवाव्यात. एका माणसाचं मत पुराव्यासमोर कसं बदलतं, त्याचा असा छापील दाखला आम्ही तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतही फार पाहिलेला नाही.

१९७६च्या बंदीप्रत्यक्षीकरण खटल्यावर, ज्याला सगळे एडीएम जबलपूर म्हणतात, सीरवाईंनी १९७८ साली स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. २८ एप्रिल १९७६चा तो निकाल. आणीबाणीत डांबलेल्या माणसाला आपली अटक बेकायदा आहे असं म्हणत न्यायालयात येता येणार नाही, असं चार न्यायमूर्तींनी सांगितलं, एकट्या खन्नांनी विरोध केला. नंतर खन्नांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले. २४ ऑगस्ट २०१७ला पुट्टस्वामी खटल्यात तो बहुमताचा निकाल रद्द ठरला. रद्द ठरवणाऱ्या निकालपत्राचे एक लेखक न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, आणि १९७६च्या चौघांत त्यांचे वडील. हे सर्वांना माहीत आहे. पण पुस्तकांच्या बाजूनं एक बारीक गोष्ट बघा. १९७६चा बांधीव खंड कपाटातून काढला, तर तो निकाल रद्द झाल्याची खूण त्यात कुठेही नाही. असणार कशी? कागद तेव्हाच छापून झालेला. जुने दक्ष वकील समासात पेन्सिलीनं लिहून ठेवत, की अमुक निकालानं हा उलटवला. ज्या खंडावर अशी पेन्सिल फिरलेली नाही, तो खंड आजही शांतपणे सांगत राहतो की तुम्हाला दाद मागता येणार नाही.

आता थोडं उलट बाजूनं. हे खंड वाचतं कोण? वकील वाचतात, ते धंद्याचंच आहे. पण कधी कधी दुसरं कुणी वाचतं.

१९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर १९७८ मध्ये ती उलटवून दोघांनाही निर्दोष ठरवलं. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, अशा स्वरूपाचा त्यातला तर्क. निकाल रीतसर छापला गेला आणि कपाटात जाऊन बसला. आणखी हजारो निकालांसारखा तो तिथेच राहिला असता. पण कायद्याच्या चार प्राध्यापकांनी तो वाचला. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. त्यांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. संमती आणि शरण जाणं यांत फरक असतो, हा त्यातला मुख्य मुद्दा. देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात स्त्रीनं संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयानं तसंच गृहीत धरावं, हे कलम तेव्हाचं. पीडितेचं नाव छापायला बंदी, तीही तेव्हाचीच.

त्या निकालाची हेडनोट काढून बघा. थंड. त्या ओळींवरून कुणाच्या लक्षात काही आलं नसतं. पूर्ण निकाल वाचला, म्हणून आलं. याच बक्षींनी पुढच्याच वर्षी, १९८० साली, ‘द इंडियन सुप्रीम कोर्ट अँड पॉलिटिक्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. न्यायालय ही राजकारणाबाहेरची संस्था नाही, हे त्यांनी स्पष्टपणे मांडलं. आज हे कुणालाही मान्य होईल. तेव्हा ते बोलणं धीटपणाचं होतं.

आता माणसं. निकाल देणारे कोण होते, ते कसे निवडले गेले? घटनेत याबद्दल फार थोडं आहे. राष्ट्रपती सल्लामसलत करून नेमणूक करतील, एवढंच. सरन्यायाधीशांची संमती सक्तीची करावी अशी सूचना घटना समितीत आली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. सरन्यायाधीशही शेवटी माणूसच, त्यालाही आपल्यासारखे रागलोभ असतात, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे १९९३च्या निकालानं न्यायवृंद पद्धत आली आणि सल्ल्याचा अर्थ जवळजवळ संमती असा झाला. घटनेचा मजकूर तोच, कलम १२४ तेच. ‘कॉलेजियम’ हा शब्द घटनेच्या मूळ मजकुरात शोधून सापडणार नाही. २०१५ साली नियुक्ती आयोगाची घटनादुरुस्ती चार विरुद्ध एक अशा मतांनी रद्द झाली आणि पुन्हा न्यायवृंद राहिला. तर निवडीचे खरे निकष कुठे लिहिलेले? कुठेच नाहीत. ते वापरातून कळतात. प्रांत, धर्म, जात, वय, ज्येष्ठता.

हे वापरातले निकष बाहेर काढायचं काम एका अमेरिकन प्राध्यापकानं केलं, हे आपल्याला थोडं लागायला हवं. जॉर्ज गॅडबॉइस, केंटकी विद्यापीठातले राज्यशास्त्रज्ञ. १९५० ते १९८९ या काळातल्या त्र्याण्णव न्यायमूर्तींची चरित्रात्मक माहिती त्यांनी एका ग्रंथात दिली, तो २०११ साली निघाला. प्रत्येकाचं घराणं, वडिलांचा व्यवसाय, शिक्षण, जात, नेमणूक कशी झाली. १९८०च्या दशकात त्यांनी साठांहून अधिक न्यायमूर्तींच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यातलं जे त्या ग्रंथात आलं नाही, ती टिपणं त्यांनी अभिनव चंद्रचूड यांच्याकडे दिली आणि त्यातून २०१८ साली ‘सुप्रीम व्हिस्पर्स’ निघालं. न्यायमूर्ती एकमेकांबद्दल काय म्हणाले, कुणाची नेमणूक का अडली, हे त्यात आहे. काहींना ते चहाटळ वाटलं. आमचं मत वेगळं आहे. त्र्याण्णव नावांच्या यादीत पहिला दलित न्यायमूर्ती १९८० साली येतो, ए. वरदराजन. पहिली स्त्री १९८९ साली, फातिमा बीवी. यादी कोरडी असते म्हणूनच ती बोलते. तीस वर्षं आणि चाळीस वर्षं, हे आकडे कुठल्याही भाषणापेक्षा ठळक आहेत.

न्यायमूर्तींच्या आत्मचरित्रांबद्दल थोडक्यात. गजेंद्रगडकरांचं ‘टू द बेस्ट ऑफ माय मेमरी’ १९८३ साली, त्यांच्या निधनानंतर आलं. नागपूरहून गेलेल्या हिदायतुल्लांचं ‘माय ओन बॉसवेल’, खन्नांचं ‘नायदर रोझेस नॉर थॉर्न्स’. वाचायला छान आहेत. पण आत्मचरित्र म्हणजे स्वतःच्या खटल्यात स्वतःच साक्षीदार आणि स्वतःच न्यायाधीश. त्यांना ताडून बघायला ग्रॅनव्हिल ऑस्टिन लागतात. त्यांचं १९६६चं पुस्तक घटना कशी तयार झाली ते सांगतं, १९९९चं ‘वर्किंग अ डेमोक्रॅटिक कॉन्स्टिट्यूशन’ ती कशी चालली ते. ऑस्टिननी खासगी कागदपत्रं पाहिली, संबंधितांना भेटले, आणि न्यायालय, मंत्रिमंडळ, संसद या तिन्ही दालनांत एकाच वेळी काय चाललं होतं ते मांडलं.

निकाल कुणाच्या मालकीचा, हा प्रश्नही न्यायालयापर्यंत गेला आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक, निकाल डिसेंबर २००७चा. निकालपत्र सर्वांचं, त्यावर कुणाचा हक्क नाही. पण संपादकानं डोकं चालवून घातलेली भर, म्हणजे तळटिपा, परिच्छेदांचे क्रमांक, ही त्याची. विभागणी योग्यच आहे. फक्त तिचा एक परिणाम असा झाला की निकाल फुकट, पण त्यात रस्ता दाखवणाऱ्या पाट्या विकत. लहान गावातल्या नव्या वकिलाला हा खर्च जड जातो. २०२३च्या जानेवारीत न्यायालयानं स्वतःचे अधिकृत खंड संगणकावर मोफत खुले केले, सुरुवातीला सुमारे चौतीस हजार निकाल. आता काही निकालांचे मराठी अनुवादही तिथे मिळतात. अनुवाद यंत्राच्या मदतीनं होतात आणि कुठे कुठे वाचताना अडखळायला होतं, पण मिळतात. त्याच वर्षापासून न्यायालय निकालांना स्वतःचे क्रमांक देऊ लागलं, कुठल्याही प्रकाशकाच्या पानावर न अवलंबणारे.

आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आणखी एक गोष्ट सुरू झाली. घटनापीठापुढचं बोलणं यंत्राच्या साहाय्यानं जागच्या जागी लिहून घ्यायला सुरुवात झाली. पहिला खटला कुठला? महाराष्ट्रातल्या सत्तांतराचा, शिवसेनेच्या फुटीनंतरचा. म्हणजे आता पुन्हा नोव्हेंबर १९७५सारखे दोन दिवस आले, तर न्यायमूर्तींनी काय विचारलं आणि वकिलांनी काय उत्तर दिलं, ते वाचता येईल. २०२२च्या सप्टेंबरपासून घटनापीठाचं कामकाज थेट दाखवलंही जातं. १९७३च्या त्या नऊ सह्यांच्या पानाची जन्मकथा मात्र अशा टिपणातूनही कळली नसती. न्यायमूर्ती आपापसात काय बोलतात, कुणाचा मसुदा कुणाकडे फिरतो, कोण कुठे अडतं, ते टिपणारं यंत्र नाही. ते असावं असंही आमचं म्हणणं नाही, कारण कुणीतरी ऐकतंय म्हटल्यावर तिथेही माणसं भाषणं करू लागतील. पण निवृत्तीनंतर काही वर्षांनी मसुदे आणि पत्रव्यवहार अभ्यासकांना खुले करण्याची रीत अमेरिकेत अनेक न्यायमूर्तींनी पाळली आहे. आपल्याकडे तशी रीत पडलेली नाही. गॅडबॉइसना दारोदार जाऊन मुलाखती घ्याव्या लागल्या, त्याचं हे एक कारण.

व्याख्यान संपलं की वाचायला कुठून लागावं, असं नेहमी विचारलं जातं, म्हणून आधीच सांगून ठेवतो. इंग्रजी वाचायला अडचण नसेल तर ऑस्टिनचं १९९९चं पुस्तक आधी. जाडजूड आहे, पण कथा म्हणून वाचता येतं. मग अंध्यारुजिनांचं केशवानंदवरचं, ते लहान आहे. त्यानंतर सीरवाईंचा ग्रंथ, तोही सलग नव्हे, एखादा खटला निवडून. आणि मग केशवानंद निकालाचं ते शेवटचं पान न्यायालयाच्या संकेतस्थळावर स्वतः उघडा. सहा मुद्दे आहेत. सह्या मोजा.